गिरणीची जमीन, राखेचे तळे आणि कामाची जागा

अंबाजोगाईहून एस.टी.ने परळीला येणाऱ्या माणसाला गाव दिसण्याच्या आधी औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात. या केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. ३० मेगावॅटचे दोन जुने संच आणि त्यांच्यामागून आलेले २१० मेगावॅटचे तीन संच आता बंद झाले असून, वीजनिर्मितीचा भार २५० मेगावॅटच्या तीन नव्या संचांवर आहे. संच बंद होतो, यंत्रे भंगारात जातात, कामगार निवृत्त होऊन गावी परततात. पण ज्या जमिनीवर हे सारे उभे होते ती जमीन कोठेही जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली राखही जागच्या जागी राहते. मग त्या जमिनीचे पुढे काय करायचे? आणि तिथे पुन्हा काम सुरू झाले, तर ते कोणासाठी आणि कोणत्या परिसरात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

पडीक रान आणि पडीक कारखाना

आपल्या जिल्ह्यात ‘पडीक’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण पडीक रान वेगळे आणि पडीक कारखाना वेगळा. रान एक-दोन वर्षे पडीक ठेवले तर ते विसावा घेते, गवत येते, जनावरे चरतात आणि जमीन पुन्हा नांगरण्याजोगी होते. कारखान्याची जमीन मात्र नुसती पडून राहिल्याने बरी होत नाही. तिच्यात तेल मुरलेले असते, रसायने उतरलेली असतात, राख आणि मळी साचलेली असते. कधी कधी आर्सेनिक, शिसे यांसारखी विषारी द्रव्येही असतात. अशा वापरून टाकून दिलेल्या औद्योगिक जमिनीला नगररचनाशास्त्रात ‘ब्राऊनफिल्ड’ म्हणतात. कधीच बांधकाम न झालेल्या हिरव्या रानाला ‘ग्रीनफिल्ड’ हा शब्द आहे.

नवा उद्योग काढणाऱ्याला साहजिकच हिरवे रान आवडते. ते स्वच्छ असते, सपाट असते, आणि शेतकऱ्याकडून स्वस्तातही मिळते. म्हणून गावात जुनी जिनिंग-प्रेसिंगची जागा ओसाड पडलेली असते आणि गावाबाहेर चांगल्या काळ्या जमिनीवर नवी शेड उभी राहते. जुन्या जागेजवळ रस्ता आहे, विजेची तार आहे, विहीर आहे, जवळपास कामगारांची वस्तीही आहे. तरीही ती टाकून आपण पिकाऊ जमीन मोडतो. एवढ्या एका कारणासाठीही जुन्या औद्योगिक जागा पुन्हा उपयोगात आणणे हे शहाणपणाचे आहे.

येथे ‘भूदृश्य-रचना’ हा दुसरा शब्द येतो. सर्वसाधारण समजूत अशी की, इमारत बांधून झाल्यावर उरलेल्या जागेत हिरवळ लावणे, चार गुलमोहर आणि एक कारंजे बसवणे म्हणजे भूदृश्य-रचना. वस्तुतः पाणी कोठून येते आणि कोठे जाते, सावली कोणत्या प्रहरी कोठे पडते, माणसे कोणत्या वाटेने चालतात, कोठे थांबतात आणि कोठे त्यांना थांबू दिले जात नाही, या सर्वांचा बांधकामाच्या आधी केलेला विचार म्हणजे ही रचना होय. या ‘आधी’ शब्दावर माझा सर्व भर आहे.

जमीन बरी कशी होते?

आजारी जमिनीवरील उपचार आजारी माणसावरील उपचारांसारखेच क्रमाने करावे लागतात. प्रथम तिचा पूर्वेतिहास विचारायचा : येथे काय बनत होते, कोणत्या कोपऱ्यात काय टाकले जात होते? ही माहिती कागदांपेक्षा जुन्या कामगारांच्या आठवणीत अधिक सापडते. त्यानंतर माती आणि भूजल यांची तपासणी. मग तीन मार्ग उरतात : दूषित माती काढून सुरक्षित जागी नेणे, ती जागच्या जागी चिकणमातीच्या थराखाली झाकून टाकणे, किंवा वनस्पती व जिवाणूंच्या मदतीने तिचा दोष हळूहळू कमी करणे. पहिला मार्ग जलद पण खर्चिक, तिसरा स्वस्त पण फार धीराचा. बहुतेक ठिकाणी तिन्ही मार्ग थोडे थोडे वापरावे लागतात.

राखेचेच उदाहरण घ्या. कोळशाची राख अतिशय बारीक असते, वाऱ्याबरोबर उडते, पाण्याबरोबर वाहते. तिच्यात नत्र जवळजवळ नसते. त्यामुळे तिच्यावर सहसा काही उगवत नाही. परंतु वर मातीचा थर दिला आणि खोल मुळांचा वाळा लावला तर राख बांधली जाते. करंज, शिरीष, बाभूळ या झाडांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे जिवाणू राहतात. ती झाडे अशा जमिनीला स्वतःच खत पुरवतात. मात्र अशा जागी फळझाडे वा भाजीपाला लावू नये, कारण राखेतील जड धातू मुळांवाटे अन्नात उतरण्याची भीती असते. गालिच्यासारखी हिरवळही येथे उपयोगाची नाही. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात, जेथे २०१३ साली पाण्याअभावी परळीचे वीज केंद्रच बंद ठेवावे लागले, तेथे हिरवळीला रोज पाणी पाजणे ही चैन झाली.

जर्मनीतील एक धडा

या विषयात ज्या प्रयोगाचे नाव प्रथम घेतले जाते तो जर्मनीतील रूर खोऱ्याचा. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेला हा प्रदेश खाणी व भट्ट्या बंद पडू लागल्या तसा बेकारीने पोखरला गेला. तेथील एम्शर ही नदी तर साऱ्या कारखान्यांचे उघडे गटार झाली होती. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत तेथे ‘एम्शर पार्क’ नावाची मोठी योजना राबविण्यात आली. ड्युइसबुर्ग शहरातील १९८५ साली बंद पडलेला लोखंडाचा कारखाना पाडून न टाकता पेटर लाट्झ या रचनाकाराने सुमारे १८० हेक्टरांचे उद्यान केले; ते १९९४ साली खुले झाले. भट्ट्या तशाच उभ्या आहेत. खनिज साठवण्याच्या भिंतींवर लोक गिर्यारोहणाचा सराव करतात, आणि जुन्या वायूच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे शिकतात. जी माती फार दूषित होती ती बंदिस्त करून ठेवली, बाकीच्या ढिगांवर आपोआप उगवलेली झाडे राहू दिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याच योजनेतील ‘उद्यानात काम’ हे सूत्र अधिक महत्त्वाचे आहे. गेल्सनकिर्शेन येथे जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९५ साली एक विज्ञान-केंद्र उभे राहिले. त्याच्या पुढच्या बाजूला सुमारे ३०० मीटर लांबीचा काचेचा मार्ग आहे, त्यासमोर तळे आणि भोवती उद्यान. उन्हाळ्यात काचेचा खालचा भाग वर उचलला जातो आणि आतला माणूस सरळ पाण्याच्या काठावर येतो. त्याहून मोठी गोष्ट ही की, उद्यान कार्यालयाच्या मालकीचा शोभेचा तुकडा नाही. ते शहराचे आहे. शेजारच्या वस्तीतले म्हातारे आणि मुले तेथेच फिरतात. ज्या जागेत पूर्वी कामगाराखेरीज कोणाला प्रवेश नव्हता ती जागा गावाला परत मिळाली.

झाडे आणि काम यांचा संबंध केवळ डोळ्यांच्या सुखापुरता नाही. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एका रुग्णालयातील नोंदी तपासून दाखवले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. खाटेवर पडलेल्याला झाडाचा जो आधार वाटतो तो आठ-दहा तास एका जागी काम करणाऱ्यालाही वाटत असला पाहिजे, असे मानण्यास हरकत नसावी.

गिरणगावात काय झाले?

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढे लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांचे एक शहरच वसले. भोंग्यावर उठणारे, पाळीवर जाणारे, चाळीत आणि खाणावळीत राहणारे हे गिरणगाव मराठी साहित्यातही आपले स्थान राखून आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी रीतसर मिटलाच नाही; गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होऊ घातली. एवढी मोठी संधी भारतातील फार थोड्या शहरांना मिळाली असेल.

१९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन वाट्यांत वाटणी ठरवली : एक वाटा महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. १९९६ साली सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. निरनिराळ्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आखणी करावी, म्हणजे लोकांच्या वाट्याची जागा तुकड्यातुकड्यांत न विखुरता सलग मिळेल, असा त्याच्या शिफारशींचा गाभा होता. म्हणजेच आधी मोकळी जागा, वाटा आणि चौक ठरवायचे आणि मग इमारती.

झाले ते उलटे. २००१ साली नियमात बदल झाला. गिरणीच्या इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत न धरता, आधीपासून जी रिकामी होती तेवढीच वाटणीला धरावी, असा त्याचा अर्थ झाला. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार? लोकांचा वाटा एकदम आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम वैध ठरविला. ज्युपिटर, एल्फिन्स्टन अशा गिरण्यांच्या जागी काचेची उंच कार्यालये उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला.

याचा पुरावा २०१७ सालाने दिला. गिरणी कामगार बहुतेक जवळच्या चाळींतून चालत कामावर येत असे. नव्या कार्यालयांतला माणूस डोंबिवली, विरार, पनवेलहून लोकलने येतो. म्हणजे जमिनीवरचे काम बदलले तशी माणसांची वाटही बदलली. पण वाटेचा जिना होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मरण पावली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात उपाहारगृहाला लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. गिरणीच्या त्याच आवारात कार्यालये आणि खाण्यापिण्याच्या जागा दाटीने भरल्या होत्या. या दोन्ही घटनांची कारणे अनेक असतील. तथापि, मोकळी जागा ही शोभेची वस्तू नसून संकटकाळी जीव वाचवणारी वाट असते, एवढे तरी त्यांतून शिकण्यासारखे आहे.

माझे एक मामा त्याच भागातील एका उंच कार्यालयीन इमारतीत सुरक्षारक्षक आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. फाटकातून आत हिरवीगार हिरवळ होती, काळ्या दगडाचे कट्टे होते, पाण्याचा पातळ पडदा भिंतीवरून उतरत होता. मी कट्ट्यावर बसणार तोच मामा हळूच म्हणाले, “तिथं नको बसू रे, आपल्याला परवानगी नाही.” आम्ही तळघरातल्या वाहनतळाच्या जिन्याखाली बसून डबा खाल्ला. मामांना त्यात काही वावगे वाटले नाही. ते म्हणाले, “बाग छान आहे की नाही?” बाग खरोखरच छान होती. रोज तिची राखण करणाऱ्या माणसाला तिच्यात बसता येत नव्हते, एवढेच.

त्या दिवसापासून मला वाटू लागले की, कोणत्याही नव्या कामाच्या जागेची परीक्षा एका साध्या प्रश्नाने करावी : तेथील सर्वांत कमी पगाराचा माणूस दुपारी डबा कोठे खातो?

माहीमचे उदाहरण

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य होणार नाही, कारण त्याच मुंबईत दुसरे उदाहरणही आहे. धारावीच्या कडेला मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. ती बंद झाल्यावर तेथे माती पसरून झाडे लावण्याचे काम हाती घेतले गेले. १९८३ साली ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपण झाले आणि १९९४ साली सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील मोठमोठी कार्यालये आहेत आणि अलीकडे कचऱ्यावर उगवलेले हे रान. शाळांच्या सहली येतात, फुलपाखरे आणि पक्षी येतात. अकरा वर्षे धीर धरला तर कचऱ्याचेही रान होते, हे येथे दिसते. गिरण्यांच्या जमिनीला असा धीर मिळाला नाही, कारण तिचा भाव फार होता. ज्या जमिनीला भाव नव्हता तिला झाडे मिळाली. हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी

मग बीड जिल्ह्याने यातून काय घ्यावे? येथे मुंबईसारखा जमिनीचा भाव नाही, आणि हीच आपली जमेची बाजू आहे. घाई करायला लावणारा पैसा नसल्यामुळे आपण आधी विचार करू शकतो.

पहिली गोष्ट राखेची. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रांनी राखेचा पूर्ण उपयोग करावयाचा आहे आणि वापरातून गेलेली राखेची तळी स्थिर करून त्यांवर हिरवा पट्टा उभा करावयाचा आहे. राखेच्या विटा हा त्यातला एक उपयोग. पण हिरवा पट्टा म्हणजे कागदावरची रोपसंख्या नव्हे. कोणती झाडे, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या पाण्यावर, आणि शेजारच्या गावाला त्या पट्ट्यातून वाट असेल की कुंपण, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत.

दुसरी गोष्ट झाडांच्या निवडीची. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई उभी केली. तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षस्थान वडाच्या झाडाला दिले गेले. त्यात कौतुकाचा भाग असेल, पण आपल्या मुरमाड जमिनीत आपलीच झाडे जगतात हे त्या डोंगराने दाखवले. जुन्या कारखान्याच्या आवारातही परदेशी शोभेच्या झाडांपेक्षा कडुनिंब, करंज, शिरीष आणि वडच उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसांची कामाची जागा आपल्या जिल्ह्यात नाहीच. ती दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाते. सहा-सहा महिने कोपीत राहते. त्यांच्या कामाच्या जागेला सावली नाही, पाण्याची सोय नाही, बायकांसाठी आडोसा नाही. ‘आधुनिक कार्यस्थळ’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते, कोपी येत नाही. गावातल्या ओसाड जिनिंगच्या आवारात छोटे उद्योग आले, तेथे सावली, पाणी, पाळणाघर आले आणि दहा घरांचा कोयता जरी घरी राहिला, तरी त्या पडीक जमिनीचे सोने झाले असे मी म्हणेन.

अभ्यासाचा एक प्रस्ताव

हे सारे सरकारवर सोपवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पहिल्या पायरीचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण आपल्या तालुक्यातील बंद पडलेल्या जिनिंग, तेलघाण्या आणि कारखान्यांच्या जागांची नोंद करावी. जागा केवढी, मालकी कोणाची, विहीर आहे का, झाडे कोणती, जवळून कोण येते-जाते, एवढे टिपावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तेथे काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशे काढावेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या वस्तीला विचारावे की, ही जागा तुम्हाला मिळाली तर तुम्ही काय कराल? आमच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले तर अशी नोंदवही दोन वर्षांत तयार होऊ शकेल. जमिनीचा पूर्वेतिहास सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

गिरणगावची जमीन लोकांच्या हातून निसटली, कारण तिची वाटणी ठरत असताना तिथल्या मोकळ्या जागेची गरज कोणी नीट मोजलीच नाही. ती मोजली गेली ती २०१७ साली, पुलाच्या जिन्यावर. आपल्या जिल्ह्यात अशी वेळ येण्याआधी हातात वही घेऊन निघावे, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.